नोंदवहीतले शहर : इचलकरंजीच्या सार्वजनिक मालमत्तेची नोंद, दप्तरापासून संगणकीय प्रणालीपर्यंत

स्मरणिकेत संस्थेचा इतिहास म्हटला की नगराध्यक्षांची नामावली, पायाभरणी, उद्‌घाटने आणि गाजलेले ठराव असा क्रम ठरलेला असतो. त्याचे मोल आहेच. पण सव्वाशेहून अधिक वर्षांत संस्थेने जे बांधले, उभारले आणि जमिनीखाली पुरले, त्याची नोंद कशी राहिली, कोणी ठेवली आणि आता ती कोणत्या रूपात पुढच्या पिढीच्या हाती जाणार, हाही संस्थेचाच इतिहास आहे. तो सहसा कोणी लिहीत नाही, म्हणून इथे तो थोडा सविस्तर मांडतो.

इचलकरंजीत नगरपालिका स्थापन झाली १८९३ साली. गाव तेव्हा घोरपडे जहागिरीचे आणि जहागीर कोल्हापूर संस्थानाच्या अंकित. नारायणराव बाबासाहेब घोरपडे यांच्या कारकिर्दीत गावाने कूस बदलली. १९०४ साली विठ्ठलराव दातार यांनी श्री व्यंकटेश रंगतंतू मिल सुरू केली आणि गावात यंत्रमाग आला. पुढे तो घराघरात शिरला. मागामागून माणसे आली, माणसांमागून चाळी आल्या, गल्ल्या वाढल्या आणि प्रत्येक गल्लीने नगरपालिकेकडे त्याच तीन मागण्या केल्या: पाणी, गटार, दिवा. १९४९ साली कोल्हापूर संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले. १९६५ चा महाराष्ट्र नगरपरिषद कायदा आला. २०११ च्या जनगणनेत नगरपालिका हद्दीची लोकसंख्या पावणेतीन लाखांच्या वर गेली होती. २०२२ मध्ये इचलकरंजी राज्यातली २८ वी महानगरपालिका झाली आणि कारभाराला लागू असलेला कायदाही बदलला. या सगळ्या उलथापालथीत संस्थेचे नाव, शिक्का आणि कायदा बदलला, रस्त्याखालचा पाइप मात्र तोच राहिला. जुन्या संस्थेची मालमत्ता नव्या संस्थेकडे वर्ग होते असे कायदा एका ओळीत म्हणतो. पण वर्ग काय काय झाले, ते कुठे आहे आणि कोणत्या अवस्थेत आहे, हे सांगायला नोंदच लागते.

पूर्वीची नोंद कशी होती? बांधकाम आणि पाणीपुरवठा खात्याचा कणा म्हणजे मोजमाप पुस्तिका, सगळ्यांच्या तोंडी असलेली ‘एमबी’. किती फूट खोदले, कोणत्या व्यासाचा पाइप किती लांब अंथरला, किती सांधे भरले, हे त्यात शाखा अभियंत्याच्या सहीने उतरायचे. तिच्यावरून देयक व्हायचे, देयक निघाले की पुस्तिका दप्तरात जायची. शेजारच्या कपाटात मालमत्ता रजिस्टर, त्यापलीकडे ट्रेसिंग कापडावरचे नकाशे आणि निळ्या ब्लू प्रिंट. ही पद्धत कच्ची नव्हती. मोजमापाबाबत ती आजच्या अनेक संगणकीय तक्त्यांपेक्षा काटेकोर होती, कारण सही करणाऱ्याला जागेवर जाऊन टेप धरावा लागे. तिची अडचण एवढीच, की ती कामाची नोंद होती, वस्तूची नव्हती. काम संपले की नोंद संपली. वीस वर्षांनी तोच पाइप फुटला तर त्याची पुस्तिका कोणत्या गठ्ठ्यात आहे हे शोधण्यापेक्षा जुन्या फिटरला बोलावणे सोपे पडे.

आणि तो फिटर यायचाही. पाणी सोडणारे व्हॉल्व्हमन, फिटर, मुकादम यांच्या डोक्यात शहराचा खरा नकाशा असतो. कोणता व्हॉल्व्ह उलटा बंद होतो, कोणत्या चावीला किती फेरे द्यायचे, कुठल्या चौकात बीडाची जुनी लाइन निकामी करून बाजूने नवी टाकली आहे, हे त्यांना तोंडपाठ असते. निवृत्तीच्या दिवशी नारळ आणि शाल देऊन आपण या माणसाला निरोप देतो आणि त्याच्याबरोबर नकाशाचा एक तुकडा घरी जातो. राज्यातल्या बहुतेक नगरपालिकांत हे होत आले आहे.

हिशेबाच्या बाजूनेही वस्तूची आठवण ठेवायची सक्ती नव्हती. नगरपालिकांचे लेखे रोखीच्या पद्धतीने चालत. टाकी बांधली की त्या वर्षी खर्च पडला, पुढच्या वर्षीच्या अंदाजपत्रकात ती टाकी कुठेच दिसायची नाही. केंद्राने २००४ साली राष्ट्रीय नगरपालिका लेखा नियमपुस्तिका काढली. २००५ साली सुरू झालेल्या जवाहरलाल नेहरू नागरी पुनरुत्थान अभियानाने द्विनोंदी उपार्जित लेखापद्धती आणि ई-गव्हर्नन्स या दोन्ही सुधारणांची अट निधीला जोडली. महाराष्ट्राची स्वतःची नगरपालिका लेखासंहिता २०१३ साली आली. या पद्धतीत ताळेबंद लागतो, ताळेबंदाला स्थिर मालमत्तेची यादी लागते आणि प्रत्येक मालमत्तेला खरेदीचे वर्ष, मूळ किंमत, आयुर्मान आणि घसारा लागतो. ज्या मालमत्तेसाठी पैसे मोजलेले नाहीत, म्हणजे दानात किंवा ले-आऊटमधून आलेली जागा, ती १ रुपया या नाममात्र किमतीला धरायची अशी राष्ट्रीय नियमपुस्तिकेतली तरतूद आहे. लेखाशास्त्राला तेवढे पुरते. पण ताळेबंदात रुपयाची असलेली खुली जागा बाजारात कोटींची असू शकते, आणि तिच्या कुंपणाची, हद्दीची, अतिक्रमणाची नोंद ठेवायची जबाबदारी त्या रुपयाने संपत नाही.

नेमक्या याच काळात कार्यालयांत एक्सेल रुळले. त्याचे श्रेय आधी दिले पाहिजे. कोणतेही अनुदान नाही, निविदा नाही, प्रशिक्षण नाही. कुठल्या तरी लिपिकाने, कुठल्या तरी कनिष्ठ अभियंत्याने स्वतःच्या सोयीसाठी तक्ता केला आणि रजिस्टरच्या पानांतून शहर बाहेर काढले. लेखापरीक्षणाच्या आदल्या रात्री या तक्त्यांनीच राज्यभरची कार्यालये सावरली. पथदिव्यांची शीट, टाक्यांची शीट, पंपांची शीट, रस्त्यांची शीट, शाळा-दवाखान्यांच्या इमारतींची शीट: ज्याने केली त्याच्या नावाने ती ओळखली जाते.

अडचण सुरू होते ती या शीट एकत्र करून प्रणालीत घालायला बसल्यावर. अशा फाइलींत हमखास काय सापडते ते जवळून पाहण्यासारखे आहे.

एका रकान्यात गट क्रमांक आहे. लिपिकाने २०१० साली १२/३ असे टाइप केले. संगणकाने त्याची तारीख समजून १२ मार्च केली. पडद्यावर ते कोणाच्या लक्षात आले नाही. फाइल दुसऱ्या प्रणालीत नेताना त्या तारखेचा पोटातला आकडा वर आला, ४०२४९, कारण एक्सेल तारखा १९०० सालापासूनच्या दिवसांच्या मोजणीने साठवते. आता कोणी ४०२४९ या गटाचा शोध घेऊ लागला तर तो त्याला भूमी अभिलेख कार्यालयातही मिळणार नाही. पुढच्या रकान्यात पाइपचा व्यास. एका ओळीत ‘६ इंच’, दुसरीत ‘१५० मि.मी.’, तिसरीत ‘ए.सी. १५०’, चौथीत नुसते ‘दीडशे’. माणसाला चारही एकच वाटतात, यंत्राला चार वेगळे पाइप दिसतात. लांबीचा आकडा कोणी इंग्रजी अंकांत लिहिलेला, कोणी देवनागरीत. देवनागरी आकडा एक्सेलला बहुतेक वेळा मजकूर वाटतो आणि एकूण लांबीच्या बेरजेतून तो गुपचूप गळतो.

सगळ्यांत मोठे दुखणे मराठी फॉन्टचे. युनिकोड रुळण्याआधी आपल्या कार्यालयांत श्रीलिपी किंवा आयएसएमच्या फॉन्टमध्ये टायपिंग चाले. त्या काळी मराठी संगणकावर आणण्याचे मोठे काम पुण्याच्या या उत्पादनांनी केले, हे विसरता येणार नाही. पण त्या फाइलीत आत साठलेली असतात रोमन अक्षरे आणि चिन्हे, त्यांना देवनागरीचे रूप फक्त तो फॉन्ट देतो. फॉन्ट नसलेल्या संगणकावर फाइल उघडली की रस्त्यांची नावे, गल्ल्यांची नावे, देणगीदारांची नावे सगळी चिन्हांच्या जाळ्यात जातात. आधी युनिकोडमध्ये रूपांतर, मग जोडाक्षरांची हाताने तपासणी, आणि मगच प्रणाली, हा क्रम चुकवून चालत नाही. जिथे घाईने चुकवला जातो तिथे नवी कोरी प्रणाली पहिल्याच दिवशी मुकी होते.

तक्त्याची खरी मर्यादा मात्र यापेक्षा खोल आहे. तक्ता यादी देतो, जागा देत नाही. पाइप कुठून कुठे गेला, वाटेत कोणाला छेदून गेला, हे ओळीत आणि रकान्यात मावत नाही. या शहराला याचे मोल कोणी समजावून सांगायची गरज नाही. २०१२ च्या उन्हाळ्यात इचलकरंजीत काविळीची साथ आली, असंख्य लोक आजारी पडले, अनेक घरांतली माणसे गेली. अशी साथ पिण्याच्या पाण्यात सांडपाणी मिसळल्याने पसरते. आणि जिथे दिवसाआड किंवा त्याहून अंतराने पाणी येते तिथे धोका दुप्पट असतो: पाणी बंद झाले की पाइपातला दाब उतरतो, आणि गळक्या सांध्यातून बाहेरचे पाणी आत ओढले जाते. अशा प्रसंगी प्रश्न एकच असतो, जलवाहिनी आणि गटार कोणकोणत्या ठिकाणी एकमेकांजवळ येतात आणि त्यातली कोणती वाहिनी जुनी, ठिसूळ आहे? नकाशावर बसवलेली नोंद याचे उत्तर काही मिनिटांत देते. कपाटातले रजिस्टर आणि संगणकातली शीट ते देऊ शकत नाहीत.

हे प्रत्यक्षात येऊ शकते याचा पुरावा आपल्या प्रत्येक मागवाल्याच्या घरात आहे. वीजबिल काढून पाहा. त्यावर बारा आकडी ग्राहक क्रमांक आहे, आणि आपल्याला वीज देणाऱ्या रोहित्राचा संकेतांकही. २००८ नंतर केंद्राच्या पुनर्रचित वीज विकास कार्यक्रमात देशभरातल्या शहरांची वीजयंत्रणा नकाशावर घेतली गेली आणि ग्राहक, रोहित्र आणि फीडर यांची साखळी जुळवली गेली. कुठल्या फीडरवर किती वीज गेली आणि किती बिलात उतरली, हा हिशेब त्या साखळीमुळे मांडता येतो. पाण्याचे असे झालेले नाही. आपल्या नळापर्यंत येणारे पाणी कोणत्या टाकीतून, कोणत्या व्हॉल्व्हवरून येते, हे पाणीपट्टीच्या बिलावर वाचायला मिळेल तेव्हा आपण त्या टप्प्याला पोहोचलो असे म्हणू.

वस्तूची नोंद कशी असावी हे आपल्या शहराला परके नाही. आपटे वाचन मंदिर १८७० सालचे, म्हणजे नगरपालिकेहून जुने. ग्रंथालयात पुस्तक आले की त्याला दाखल क्रमांक पडतो. पुस्तक कपाट बदलते, बांधणीला जाते, वाचकाकडे जाते, दाखल क्रमांक बदलत नाही. जीर्ण झाले तर त्याच क्रमांकासमोर तसा शेरा पडतो. मालमत्ता व्यवस्थापन प्रणाली म्हणजे याहून वेगळे काही नाही. पंपहाऊसमधली मोटर रिवाइंडिंगला जाते आणि परत येताना दुसऱ्याच पंपावर बसते. तक्त्यात तिची ओळ ‘पंप क्रमांक दोन’ अशी असेल, तर तिचा सारा पूर्वेतिहास, किती वेळा जळली, किती खर्च झाला, चुकीच्या मोटरच्या नावावर चढतो. क्रमांक मोटरला द्यायचा, जागा वेगळ्या रकान्यात लिहायची. एवढे पथ्य पाळले की दहा वर्षांनी एखादी मोटर पुन्हा दुरुस्त करायची की बदलायची, याचा निर्णय आकड्यांवर होतो.

रूपांतराचे काम म्हणजे संगणकासमोर बसून माहिती भरणे, ही समजूत सगळीकडे आढळते आणि तीच या कामाला मारक ठरते. खरे काम रस्त्यावर आहे. एका व्हॉल्व्हचे उदाहरण घेऊ. जुन्या यादीत तो आहे, जागेवर नाही, कारण मधल्या काळात रस्त्यावर दोनदा डांबर पडले आणि चेंबरचे झाकण खाली गेले. व्हॉल्व्हमन अंदाजाने जागा दाखवतो, धातुशोधक यंत्र फिरवतात, पहार लावून डांबर उकरतात, झाकण उचलतात. आत गाळ. गाळ काढल्यावर व्यास, प्रकार, स्पिंडलची अवस्था, बंद करायची दिशा आणि फेरे लिहून घ्यायचे, फोटो काढायचा. मग स्थान. मोबाइलचे जीपीएस मोकळ्या मैदानात तीन ते पाच मीटरपर्यंत अचूक असते, दाटीच्या गल्लीत त्याहूनही ढिले. एकाच चरात दोन वाहिन्या असतील तर एवढी चूक महागात पडते. म्हणून अचूक मोजणीचे यंत्र वापरायचे, नाहीतर निदान समोरच्या दोन पक्क्या इमारतींच्या कोपऱ्यांपासून टेपने अंतर घ्यायचे. जुन्या अभियंत्यांची ती पद्धत आजही खरी उतरते. शेवटी चेंबरवर क्रमांकाची पट्टी आणि प्रणालीत तोच क्रमांक. इतके झाल्यावर एक व्हॉल्व्ह ‘नोंदला’. शहरभरचे व्हॉल्व्ह असेच नोंदायचे आहेत, आणि त्यासाठी व्हॉल्व्हमन हा त्या पथकाचा पहिला सभासद हवा, बोलावून आणलेला साक्षीदार नव्हे.

याला लागणारा वेळ आणि पैसा पाहून कोणी कचरेल. त्याला महाडची आठवण करून द्यावी लागते. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री सावित्री नदीवरचा ब्रिटिशकालीन दगडी पूल पुरात गेला आणि त्याच्याबरोबर एसटीच्या दोन गाड्या गेल्या. त्याच वर्षी केंद्राने देशातल्या राष्ट्रीय महामार्गांवरच्या पुलांची संगणकीय गणना सुरू केली. दीड लाखाहून अधिक पूल आणि मोऱ्यांना स्वतंत्र ओळखक्रमांक आणि अवस्थेचा दर्जा मिळाला. आपण पंचगंगेकाठी राहतो. २०१९ आणि २०२१ चा महापूर आपण पाहिला आहे. पूर ओसरल्यावर कोणता पूल, कोणती मोरी, कोणते जॅकवेल तपासायचे आणि कोणत्या क्रमाने, याची यादी पुराआधीच तयार असायला हवी.

न्यूझीलंडसारख्या देशांनी हे काम १९९० च्या दशकातच हाती घेतले आणि २०१४ साली मालमत्ता व्यवस्थापनाचे आयएसओ ५५००० हे आंतरराष्ट्रीय मानक आले. आपल्याकडे कल्याण-डोंबिवली महानगरपालिकेने या शतकाच्या आरंभीच नागरी सेवांच्या संगणकीकरणात राज्याला वाट दाखवली. कर, दाखले, परवाने या बाजूने महाराष्ट्रातल्या नगरपालिका पुष्कळ पुढे गेल्या. मालमत्तेची बाजू मागे पडली, कारण दाखल्यासाठी नागरिक खिडकीवर उभा असतो, जमिनीखालच्या पाइपसाठी कोणी उभे राहत नाही.

२०१५ साली अमृत अभियान आले, त्यात इचलकरंजीचा समावेश झाला. या अभियानातल्या शहरांसाठी भौगोलिक माहिती प्रणालीवर आधारलेल्या विकास आराखड्याची उपयोजना होती. १ ऑक्टोबर २०२१ ला सुरू झालेल्या अमृत २.० मध्ये हिशेबाबाहेर जाणारे पाणी वीस टक्क्यांच्या आत आणायचे उद्दिष्ट आहे. हे उद्दिष्ट आपल्यासाठी इतर कोणत्याही शहरापेक्षा महत्त्वाचे आहे, असे माझे ठाम मत आहे. पंचगंगेचे पाणी प्रदूषणाने बेभरवशाचे झाले. मजरेवाडीहून कृष्णेचे पाणी लांबून आणावे लागते आणि त्या वाहिनीची गळती शहराला पाठ आहे. वारणेचे पाणी आणायचे ठरले, पुढे दूधगंगेचे ठरले. दोन्ही वेळा नदीकाठच्या गावांचा विरोध झाला. त्या गावांची काळजी खोटी नाही आणि आपली तहानही खोटी नाही. पण गळतीतून वाचवलेले पाणी आणायला कोणत्याही तालुक्याची संमती लागत नाही. ते पाणी आधीच आपले आहे, उपसलेले आहे, शुद्ध केलेले आहे. ते कुठे जाते हे कळायला टाकीनिहाय जाळे, त्यावरचे मीटर आणि प्रत्येक फुटीचा इतिहास एका ठिकाणी हवा. कोणत्या गल्लीत दर किलोमीटरला किती वेळा वाहिनी फुटली हे दिसले, की कोणती वाहिनी आधी बदलायची यासाठी सभागृहात वाद घालायची वेळ येत नाही.

महानगरपालिका झाल्याने ही संधी चालून आली आहे. जुन्या संस्थेचे दप्तर नव्या संस्थेच्या हाती आले आहे, ते एकदा उलगडून, जागेवर पडताळून, नव्या प्रणालीत घालण्याची ही वेळ आहे. पडताळणी न करता जुन्या शीट तशाच चढवल्या तर चुकाही चढतील, आणि संगणकात दिसते म्हणून त्या चुकांवर लोकांचा विश्वास मात्र वाढेल. एक नियम तर आजपासून करता येईल: जे काम पूर्ण झाले, त्याचा प्रत्यक्षात जसे झाले तसा नकाशा आणि प्रत्येक वस्तूची नोंद प्रणालीत चढल्याशिवाय ठेकेदाराचे अंतिम देयक निघू नये. जुना साठा भरायला वर्षे लागतील, निदान नवा साठा तरी अंधारात वाढणार नाही. आणि माहिती प्रणालीच्या पुरवठादाराच्या ताब्यात अडकू नये. करार संपला तरी सगळी नोंद सर्वमान्य स्वरूपात संस्थेकडे परत येईल ही अट करारात हवीच. तक्त्याचा एक गुण नव्या प्रणालीनेही राखावा: तो उघडायला कोणाची परवानगी लागत नव्हती.

या कामात शहराचा वाटा मोठा आहे. निवृत्त फिटर, व्हॉल्व्हमन, ओव्हरसियर, जुने ठेकेदार आणि प्लंबर यांच्या घरी ट्रंकेत, माळ्यावर पाणीपुरवठ्याचे, गटारांचे, ले-आऊटचे नकाशे, मोजमापाच्या डायऱ्या, कामाचे फोटो असतील. ते पाणीपुरवठा खात्याला दाखवावेत, प्रत काढून घेऊ द्यावी. डीकेटीईसारख्या शिक्षणसंस्थांतल्या संगणक शिकणाऱ्या मुलामुलींनी जुन्या फॉन्टमधल्या फाइली युनिकोडमध्ये आणण्याचे काम प्रकल्प म्हणून हाती घ्यावे. आणि ज्यांच्या दारासमोर डांबराखाली चेंबर गेले आहे, त्यांनी ते कुठे होते हे जुन्या माणसांना विचारून ठेवावे आणि नोंद घ्यायला पथक दारी आले की ती जागा दाखवावी.